मोठ्या इमारतींच्या चिलरमध्ये कोणता गॅस भरायचा, हे कायद्याने ठरवावं का?

उत्तरवारा

रुग्णालयं, विमानतळ, मॉल, कार्यालयांच्या उंच इमारती थंड ठेवणारे बरेचसे चिलर (पाणी गार करून ते इमारतभर फिरवणारी यंत्रं) आजही आर-१३४ए किंवा आर-४१०ए या गॅसवर चालतात. दोन्ही एचएफसी, म्हणजे हायड्रोजन, फ्लोरिन आणि कार्बनचे गॅस. ओझोनच्या थराला यांचा उपद्रव नाही, पण उष्णता अडवून ठेवण्यात ते कार्बन डायऑक्साइडच्या अनुक्रमे १४३० आणि २०८८ पट भारी आहेत. (या पटीलाच पुढे मी जीडब्ल्यूपी म्हणते. हिशेब १०० वर्षांचा.)

२०१६ साली किगालीत मॉन्ट्रियल करारात (ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात) दुरुस्ती झाली आणि एचएफसी टप्प्याटप्प्याने कमी करायचं जगाने मान्य केलं. विकसित देशांनी २०३६ पर्यंत ८५ टक्के कपात करायची. भारत ज्या गटात आहे त्या गटाने २०२८ मध्ये वापर गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के खाली यायचं. पण करार फक्त देशाचा एकूण कोटा ठरवतो. कोणत्या यंत्रात काय चालेल, हे प्रत्येक देशाने आपल्या नियमात लिहायचं आहे.

अमेरिकेने १ जानेवारी २०२५ पासून इमारतींच्या नव्या चिलरसाठी जीडब्ल्यूपीची मर्यादा ७०० ठेवली. माझा आक्षेप याच आकड्यावर आहे. आर-५१३ए हा गॅस ६३१ वर बसतो, म्हणजे सहज आत येतो. त्यात आहे काय? ४४ टक्के जुनाच आर-१३४ए आणि ५६ टक्के आर-१२३४वायएफ. मोठा चिलर २५ वर्षं चालतो. आज बसवलेलं यंत्र २०५० च्या आसपास भंगारात जाईल, आणि तोवर त्यात हा अर्धा जुना गॅस भरत राहावं लागेल.

पर्याय नाहीत असंही नाही. आर-१२३३झेडडी आणि आर-१२३४झेडई या एचएफओ (हवेत लवकर मोडणाऱ्या, नव्या पिढीच्या) गॅसची यंत्रं बाजारात आहेत आणि दोन्हींचा जीडब्ल्यूपी १० च्या आत आहे. अमोनियाचा शून्य. पाणी आणि लिथियम ब्रोमाइडवर चालणारी अॅब्सॉर्प्शन यंत्रं तर कित्येक दशकं जुनी आहेत. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: नव्या मोठ्या चिलरसाठी मर्यादा १० करा, तारीख जाहीर करा आणि त्या तारखेवरून हलू नका. विरोध असेल तर कारणांसकट लिहा.

किलोवॅट

विरोध आहे, आणि कारण विजेचं बिल आहे. हिशेबच मांडतो.

५०० टनांचा एक चिलर घ्या. (हा टन थंडाव्याच्या क्षमतेचा, वजनाचा नव्हे.) त्यात समजा ५०० किलो आर-१३४ए आहे. पंप आणि टॉवर सोडून एका टनाला ०.६ किलोवॅट वीज धरली तर पूर्ण भाराला ३०० किलोवॅट झाले. वर्षाला पूर्ण भाराचे ३००० तास धरा, म्हणजे ९ लाख युनिट. एका युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला ६३० टन.

आता गळती. चांगलं राखलेलं यंत्र वर्षाला २ टक्के गॅस गमावतं असं धरू. १० किलो गुणिले १४३०, म्हणजे १४.३ टन.

एकीकडे ६३०, दुसरीकडे १४.३. नव्या गॅसमुळे यंत्राची कार्यक्षमता सव्वादोन टक्क्यांनी जरी घसरली, तरी गॅस बदलून वाचवलेलं सगळं विजेत गेलं. आर-१२३४झेडई घनफळाच्या हिशेबात आर-१३४ए पेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी थंडावा देतो. त्याच क्षमतेसाठी मोठा कॉम्प्रेसर लागतो, आणि जुन्याच यंत्रात तो भरून 'हरित चिलर' म्हणून विकला तर क्षमता आणि पैसा दोन्ही जातात. कायद्याने गॅसचं नाव किंवा जीडब्ल्यूपी बांधून टाकला की आम्हा डिझाइन करणाऱ्यांचे हात बांधले जातात. यंत्राच्या संपूर्ण आयुष्यातल्या उत्सर्जनाची, म्हणजे वीज अधिक गळतीची, एकच मर्यादा घाला. ती कोणत्या गॅसने गाठायची हे आमच्यावर सोडा.

उत्तरवारा

किलोवॅट, हिशेब मांडलात हे बरं केलंत, पण तो अर्धाच मांडलात.

एक: २५ वर्षांनी यंत्र मोडतात तेव्हा आतला गॅस कुठे जातो? काढून घेतला नाही तर एका दिवसात ५०० किलो हवेत. ७१५ टन. तुमच्याच आकड्यांनी २५ वर्षांची गळती ३५७ टन होते, म्हणजे शेवटचा एक दिवस सगळ्या आयुष्याच्या दुप्पट. दोन्ही मिळून १०७२.

दोन: ०.७ हा आकडा कोळशावरच्या विजेचा. २५ वर्षं तो तिथेच राहील असं तुम्ही धरलंत. तो ०.२ वर आला तर विजेचं उत्सर्जन वर्षाला १८० टन, २५ वर्षांत ४५००. त्यापुढे १०७२ म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. वीज जितकी स्वच्छ होईल तितका गॅसचा वाटा वाढत जाणार. आज तो लहान दिसतो म्हणून २५ वर्षांचं यंत्र मोकळं सोडायचं का?

तीन: १०० वर्षांच्या सरासरीत आर-१३४ए १४३० आहे. तो हवेत सुमारे १४ वर्षंच टिकतो, त्यामुळे त्याची बहुतेक सगळी उष्णता आपल्याच हयातीत अडकते. २० वर्षांचा हिशेब लावला तर तोच आकडा ३७०० च्या वर जातो.

आणि कार्यक्षमता घसरते हे सगळ्या पर्यायांना लागू नाही. आर-१२३३झेडडी कमी दाबाचा गॅस आहे, जुन्या आर-१२३ च्या जवळ जाणारा. सेंट्रिफ्यूगल यंत्रात (वेगाने फिरणाऱ्या चाकाने गॅस दाबणाऱ्या) तो आर-१३४ए पेक्षा कमी वीज घेतो. हे तुम्हाला माहीत असणारच.

किलोवॅट

माहीत आहे. म्हणूनच सांगतो, तो सगळीकडे बसत नाही. त्याची वाफ विरळ असते, तेवढ्याच थंडाव्यासाठी कॉम्प्रेसरला कित्येक पट घनफळ हलवावं लागतं. मोठ्या वॉटर-कूल्ड सेंट्रिफ्यूगलला उत्तम. गच्चीवरच्या २०० टनांच्या एअर-कूल्ड स्क्रूमध्ये (हवेने थंड होणाऱ्या, स्क्रू कॉम्प्रेसरच्या यंत्रात) तो घालता येत नाही. तिथे आज तुमच्या १० च्या मर्यादेत एकच खरा उमेदवार उरतो, आर-१२३४झेडई. एकाच उमेदवारावर अख्खा बाजार उभा करणारा कायदा मला धोक्याचा वाटतो.

शेवटच्या दिवसाचा मुद्दा मात्र मान्य. पण तो गॅस कोणता आहे याचा प्रश्न नाही, तो काढून घेतला जातो का याचा आहे.

साक्षेपी

मी इमारतींच्या अग्निसुरक्षेचं काम करतो. इतका वेळ जीडब्ल्यूपीवर चर्चा चालली आहे आणि प्लांट रूममध्ये उभ्या असलेल्या माणसाचं नाव अजून कुणी काढलं नाही.

गॅसना सुरक्षेचे वर्ग असतात. अक्षर विषारीपणाचं, आकडा ज्वलनशीलतेचा. आर-१३४ए आणि आर-५१३ए दोन्ही ए१, म्हणजे कमी विषारी आणि न पेटणारे. आर-१२३४झेडई ए२एल, मंद पेटणारा; या वर्गात ज्योत सेकंदाला १० सेंटिमीटरपेक्षा वेगाने पुढे सरकत नाही. प्रोपेन ए३, सहज पेटणारा. अमोनिया बी२एल, विषारी आणि मंद पेटणारा. ए२एल हा वर्ग अलीकडचा. अशा गॅसची यंत्रं इमारतीत बसवायची तर वायुवीजन, गळतीचे सेन्सर, सेन्सर वाजला की काय बंद पडलं पाहिजे, किती घनफळाच्या खोलीत किती किलो चालेल, हे सगळं आधी बांधकामाच्या नियमांत यावं लागतं. अमेरिकेत कितीतरी राज्यांना त्यासाठी आपले बिल्डिंग कोड बदलावे लागले. पर्यावरणाचा कायदा पुढे आणि इमारतीचा कोड मागे, अशा अवस्थेत मधल्या मध्ये अडकतो तो सही करणारा अधिकारी. तो सही करत नाही, किंवा डोळे मिटून करतो.

अमोनियाबद्दल इथे फार सहज बोललं गेलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडातल्या फर्नी गावच्या आइस रिंकमध्ये अमोनियाच्या गळतीने तिघांचा जीव गेला. चिलरच्या नळीत एक लहानसं भोक. त्यातून अमोनिया मिठाच्या पाण्यात उतरला आणि तिथून खोलीत आला. तो चिलर गळतो आहे हे आधी माहीत होतं, तरी तो पुन्हा चालू केला गेला. हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) अमोनिया जिवाला तत्काळ धोक्याचा मानतात. तुम्ही हाच गॅस रुग्णालयाच्या तळघरात आणायला निघालात का?

ओंजळभर

साक्षेपी, अमोनियाची वाईट गोष्ट त्याचा विषारीपणा आणि चांगली गोष्ट त्याचा वास. ५ पीपीएमच्या आसपासच नाकाला कळतो. एचएफसीला वास नसतो. बंद खोलीत ते हवा ढकलून जागा घेतात आणि माणूस गुदमरेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. शीतगृहं आणि दुग्धप्रकल्प शंभरहून अधिक वर्षं अमोनियावर चालत आलेत. अमोनिया तळघरात नको हे मान्य, पण इमारतीबाहेर वेगळ्या खोलीत यंत्र ठेवून आत फक्त थंड पाणी नेता येतं. चिलरचा मोठा फायदाच तो आहे: गॅस एका जागी, इमारतभर पाणी.

पण माझा मूळ विरोध उत्तरवारा यांच्या यादीतल्या पहिल्या दोन नावांना आहे.

जरा मागे जाऊन पाहा. १९३० च्या सुमारास संशोधक थॉमस मिजली यांनी सीएफसी (क्लोरिन असलेले गॅस) आणले. न पेटणारे, बिनविषारी, सगळ्यांना हायसं वाटलं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी ते ओझोन खातात हे दाखवलं. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. मग एचसीएफसी आले, ते ओझोन कमी खातात म्हणून. मग एचएफसी, ते अजिबात खात नाहीत म्हणून. आता एचएफओ, ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत हवेत विरून जातात म्हणून. विरतात म्हणजे कशात बदलतात? आर-१२३४वायएफ जवळजवळ पूर्णपणे ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लात बदलतो. ते पावसाबरोबर खाली येतं, पाण्यात साचतं, आणि निसर्गात ते मोडणारी जवळजवळ कुठलीच वाट नाही. नेहमीच्या पाणीशुद्धीकरणाने ते निघत नाही.

२०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी पीएफएएस रसायनांवर (निसर्गात सहजी न मोडणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर) सरसकट बंधनं आणायचा प्रस्ताव युरोपच्या रसायन संस्थेकडे दिला. त्यातल्या व्याख्येत हे गॅसही येतात. म्हणजे एका कायद्याने १० ची मर्यादा घालून लोकांना एचएफओकडे ढकलायचं आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कायद्याने एचएफओच बंद करायचे. इमारतीच्या मालकाने किती वेळा यंत्र बदलायचं? कायदा करायचाच असेल तर तो एकदाच अमोनिया, पाणी, प्रोपेन, कार्बन डायऑक्साइड या दिशेने करा.

रेणूबंध

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून इथे थांबवतो.

सगळ्या एचएफओंना एका पोत्यात घालू नका. आर-१२३४वायएफपासून ते आम्ल जवळजवळ शंभर टक्के बनतं, हे बरोबर. आर-१२३३झेडडीपासून मात्र फार थोडं, साधारण २ टक्क्यांच्या आसपास. कारण रेणूच्या रचनेत आहे. वायएफमध्ये सीएफ३ (एक कार्बन, तीन फ्लोरिन) हा गट ज्या कार्बनला चिकटलेला असतो, त्याच कार्बनवर आणखी एक फ्लोरिन असतो. हवेत दुहेरी बंध तुटला की त्यातून ट्रायफ्लुओरोअॅसेटिल फ्लोराइड तयार होतं, आणि ते ढगातल्या पाण्यात विरघळून सरळ आम्ल होतं. झेडडी आणि झेडईमध्ये त्या जागी हायड्रोजन असल्याने आधी अॅल्डिहाइड बनतं. त्याचा मोठा भाग उन्हात वेगळ्या वाटांनी मोडतो.

आणखी एक. जुना आर-१३४एसुद्धा हेच आम्ल बनवतो, ७ ते २० टक्क्यांपर्यंत. म्हणजे आम्लाच्या भीतीने आर-१३४ए चालू ठेवावा असंही म्हणता येत नाही. आणि गंमत नाही, गंभीरपणे सांगतो: उत्तरवारा ज्या आर-५१३ए वर चिडल्या आहेत, त्यातला ५६ टक्के भाग वायएफच आहे. जीडब्ल्यूपी अर्धवट आणि आम्ल भरपूर, असं ते मिश्रण. त्यामुळे ७०० ची मर्यादा मलाही पटत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. नियमात जीडब्ल्यूपीच्या शेजारी, तो गॅस मोडल्यावर किती आम्ल बनतं याचाही रकाना हवा. आज कुठल्याही चिलरच्या नेमप्लेटवर तो नसतो.

ओंजळभर

रकाना चालेल. पण '२ टक्के' म्हणजे शून्य नव्हे, आणि न मोडणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत थोडं थोडं करत साठतच जातं. माझी भूमिका तीच.

किलोवॅट

ओंजळभर, कार्बन डायऑक्साइड यादीत घातलात म्हणून विचारतो. त्याचं क्रांतिक तापमान ३१ अंश. बाहेर ४० अंश असेल तर तो कंडेन्सरमध्ये द्रव होतच नाही, आणि दाब ९०-१०० बारच्या पलीकडे जातो. गरम पाणीही हवं असेल अशा ठिकाणी तो छान चालतो. उष्ण हवामानातल्या नुसत्या वातानुकूलनाला त्याची वीज परवडत नाही. यादी करायला सोपी असते. उन्हाळ्यात तो चिलर चालवायचा असतो.

प्लांटरूम

मी चिलर चालवतो. वर सगळे जाणकार बोलले. आता यंत्राशेजारी काय घडतं ते सांगतो, कारण नियम शेवटी तिथेच पाळला किंवा मोडला जातो.

लॉगबुक उघडा. दर तासाला सक्शनचा दाब, डिस्चार्जचा दाब, अॅप्रोच, तेलाची पातळी, सगळं लिहिलेलं असतं. अॅप्रोच म्हणजे इव्हॅपोरेटरमधून (गॅस पाण्याची उष्णता शोषतो त्या भागातून) बाहेर पडणारं पाणी आणि आतला गॅस यांच्या तापमानातला फरक. चांगल्या यंत्रात तो अंश-दीड अंश असतो. गॅस कमी होत गेला की तो हळूहळू वाढतो, दोन, तीन, चार. म्हणजे गळतीची बातमी पहिल्यांदा त्या रकान्यात येते, अलार्मच्या कितीतरी आधी. आता उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच वहीत एक ओळ सापडते: 'गॅस टॉप-अप ४० किलो.' कुठून गेला, कुणी शोधला, कुठला सांधा दुरुस्त केला, काही नाही. मी जिथे जिथे काम केलं तिथे ही ओळ पाहिली आहे. ५०० किलोच्या यंत्रात ४० किलो म्हणजे ८ टक्के, आणि किलोवॅट २ टक्के धरून बसलेत.

गळती शोधायला वेळ लागतो. डिटेक्टर फिरवायचा, मग साबणाचं पाणी लावायचं: शाफ्ट सील, फ्लेअरचे सांधे, साइट ग्लास, रिलीफ व्हॉल्व्हचं तोंड. ओपन ड्राइव्ह (मोटर बाहेर असलेलं) यंत्र असेल तर निम्म्या वेळा शाफ्ट सीलच. नळीत भोक असेल तर यंत्र रिकामं करून एकेक नळी नायट्रोजनच्या दाबाने तपासायची. तोवर इमारत गरम. मालक म्हणतो, भरा आणि चालू करा. भरायला दोन तास लागतात, शोधायला दोन दिवस.

कमी दाबाच्या यंत्रांबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो, की त्यातून गॅस बाहेर येतच नाही, उलट हवा आत जाते. यंत्र चालू असताना इव्हॅपोरेटरच्या बाजूला हे खरं आहे. पण आर-१२३३झेडडी १८ अंशांच्या जरा वर उकळतो. यंत्र बंद असेल आणि प्लांट रूम ३५ अंशांवर असेल, तर अख्ख्या यंत्रात वातावरणापेक्षा जास्त दाब असतो आणि गॅस बाहेरच येतो. शिवाय आत शिरलेली हवा काढणाऱ्या पर्ज युनिटबरोबर थोडा गॅस जातो तो वेगळा. पर्ज दिवसाला किती मिनिटं चालला हे रोज लिहिलं पाहिजे. ती मिनिटं वाढली म्हणजे गळती वाढली. कित्येक ठिकाणी तो मीटर कुणी वाचतच नाही.

तेव्हा माझं मत: कोणता गॅस यावर भांडा, पण नियमाची पहिली ओळ गळतीची लिहा. वर्षाला अमुक टक्क्यांवर टॉप-अप झाला तर ३० दिवसांत दुरुस्ती, आणि दुरुस्ती टिकली का याची पुन्हा तपासणी. ओझोन खाणाऱ्या गॅससाठी अमेरिकेत इमारतींच्या वातानुकूलनाला १० टक्के आणि ३० दिवस हा नियम आहे. माझ्या अनुभवाने १० टक्के सैल आहे, मी ५ म्हणेन.

साक्षेपी

प्लांटरूमच्या प्रत्येक ओळीशी सहमत. सुरक्षेचंही हेच आहे. गळती शोधायची सवय असलेल्या प्लांट रूममध्ये मला ए२एलची भीती कमी वाटते.

उत्तरवारा

प्लांटरूम, तुमचा प्रतिसाद वाचून वाटलं की तुम्ही माझ्याच बाजूचे आहात. गळती २ नव्हे ८ किंवा १० टक्के असेल, तर किलोवॅट यांचा हिशेब पुन्हा करा. १० टक्क्यांना वर्षाला ५० किलो, ७१.५ टन. २५ वर्षांचे १७८७ आणि शेवटचे ७१५, मिळून २५००. कोळशाच्या विजेसमोरही तो सोळा टक्के होतो. आर-१२३३झेडडी असता (जीडब्ल्यूपी १ धरून) तर हीच गळती, हाच निष्काळजीपणा, आणि गॅसमुळे होणारं उत्सर्जन सगळं मिळून दोन टनांच्या आत. माणसं लॉगबुक नीट ठेवतील याची खात्री नसेल तर उलट गॅसच असा हवा की गळला तरी फार बिघडत नाही. गळतीचे नियम हजारो प्लांट रूममध्ये पाळून घ्यावे लागतात. यंत्र मात्र बनतं मोजक्या कारखान्यांत, तिथे एक मर्यादा घातली की झालं.

किलोवॅट

तारखेने माणसं वागतात कशी तेही पाहा. तुम्ही म्हणता नव्या यंत्रांना १० ची मर्यादा. मालक काय करेल? जुनं यंत्र आणखी दहा वर्षं ओढेल. कॉम्प्रेसर उघडून दुरुस्त करेल, नळ्या बदलेल, पण नवं घेणार नाही, कारण नवं महाग आणि अनोळखी. ते जुनं यंत्र टनाला ०.६ नव्हे, ०.८ किलोवॅट खातं आणि तुमचा आर-१३४एसुद्धा गळवत राहतं. कडक मर्यादेमुळे जुनं यंत्र जास्त दिवस चाललं तर वातावरणाचा तोटाच आहे. ७०० च्या मर्यादेत निदान तो आज यंत्र बदलतो.

आणि गॅस दुर्मीळ झाला की खोटा गॅस येतो. २०११ मध्ये आर-१३४एच्या नावाखाली आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, मिसळलेला गॅस रेफ्रिजरेटेड कंटेनरमध्ये भरला गेला. त्याची अॅल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हवेत आपोआप पेटणारा पदार्थ तयार झाला, स्फोट झाले आणि दुरुस्ती करणारी माणसं दगावली. युरोपातही कोटा घटून भाव चढल्यावर चोरटी आयात वाढली. कायदा कडक करायचा तर सिलिंडर तपासणारी यंत्रणा आधी उभी करा.

रेणूबंध

चोरटा गॅस हे कायदा न करण्याचं कारण होत नाही. २०१८ मध्ये हवेतल्या सीएफसी-११ ची घट मंदावलेली शास्त्रज्ञांना दिसली, म्हणजे कुठेतरी बंदी मोडून तो बनत होता. २०१९ मध्ये त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येतो हे हवेच्या मोजमापांवरून काढलं गेलं आणि पुढे ते उत्सर्जन खाली आलं. मोजणी चालू असली की चोरी सापडते.

उत्तरवारा

किलोवॅट, जुनं यंत्र ओढण्याची भीती खरी आहे. त्यावर उपाय मर्यादा सैल करणं नाही, जुन्या यंत्रांवरही नियम आणणं आहे. ५ टक्क्यांच्या वर गळणाऱ्या यंत्रात दुरुस्तीशिवाय गॅस भरायला मनाई करा. मग ओढून दाखवा. प्लांटरूमची पहिली ओळ आणि माझी मर्यादा एकत्र आल्या तर पळवाट उरत नाही. एअर-कूल्ड स्क्रूबद्दल मात्र तुमचं ऐकते: तिथे पर्याय खरोखर थोडे आहेत. त्यांना वेगळी, उशिराची तारीख द्या. पण मोठ्या वॉटर-कूल्ड सेंट्रिफ्यूगलला आज एकही सबब नाही. पर्याय आहे, वीज कमी लागते, पेटत नाही. तिथे १० ची मर्यादा लगेच.

किलोवॅट

क्षमतेनुसार आणि प्रकारानुसार वेगळ्या तारखा असतील तर माझा विरोध बराच कमी होतो. सरसकट मर्यादेला अजूनही नाहीच म्हणेन.

ओंजळभर

माझा विरोध तसाच आहे. ज्या गॅसवर पीएफएएसची टांगती तलवार आहे त्याला कायद्याने पुढे करू नका. निदान सरकारी इमारतींच्या निविदेत तरी अमोनिया किंवा पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांना समान संधी द्या. आज निविदेत गॅसचं नाव आधीच छापलेलं असतं आणि बाकीच्यांना दारच बंद.

प्लांटरूम

एक मुद्दा राहिला, तो उत्तरवारा यांनी सुरुवातीला काढला होता: शेवटचा दिवस.

युरोपात गळतीची तपासणी कार्बन डायऑक्साइडच्या टनांवर ठरत आली आहे. ५०० टनांच्या वर असेल तर आपोआप गळती ओळखणारी यंत्रणा सक्तीची, आणि ती बसवली की दर सहा महिन्यांनी तपासणी. आर-१३४एचं ३५० किलोचं यंत्र त्यात बसतं. पण १ जीडब्ल्यूपीचा ५०० किलो गॅस असेल तर हिशेब अर्ध्या टनाचा, म्हणजे तपासणीच नाही. म्हणूनच २०२४ च्या नव्या नियमात एचएफओसाठी तपासणी किलोवर आणली गेली. आपणही काही मागायचं तर किलोवरच मागू. गॅस सौम्य आहे म्हणून गळू दिला, तर ओंजळभर यांचं आम्ल आहेच.

आणि यंत्र मोडताना: भंगारवाला तांब्यासाठी येतो. त्याच्याकडे रिकव्हरी मशीन नसतं. ५०० किलो गॅस सिलिंडरमध्ये काढायचा तर मशीन, पुरेसे रिकामे सिलिंडर आणि वजनकाटा लागतो, आणि पूर्ण दिवस जातो. वाफ ओढत बसलं तर दोन दिवस. आधी द्रव काढून मग वाफ काढली तर लवकर होतं. शिवाय काढलेला गॅस शुद्ध करणारं किंवा नष्ट करणारं केंद्र जवळ हवं, नाहीतर ते सिलिंडर गोदामात गंजतात. हा खर्च मालक शेवटी करत नाही, म्हणून तो सुरुवातीलाच घ्या. नवं यंत्र घेताना किलोमागे अनामत ठेवायची. मोडताना काढलेल्या गॅसचं वजन आणि नोंद दाखवली की ती परत. जेवढे किलो कमी तेवढी अनामत जप्त. टॉप-अपचे किलोही त्याच खात्यात लिहिले जातील, कारण यंत्रात किती गॅस गेला आणि किती परत आला याचा ताळा मालकालाच जुळवावा लागेल.

किलोवॅट

अनामत किलोवर की जीडब्ल्यूपीवर?

प्लांटरूम

किलोवर. नेमप्लेटवर किलो असतात आणि काट्यावरही किलोच दिसतात.